वाडा मोडीत काढण्यापूर्वी

या पानावर आम्ही बहुधा सरकीचे भाव, यंत्रमागाच्या अडचणी, बँकेची कर्जे असले विषय घेतो. या खेपेचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण तो व्यापाराबाहेरचा मुळीच नाही. वऱ्हाडात जुने लाकूड, जुनी भांडी, मोड आणि भंगार यांचा धंदा करणारे आमचे बरेच वाचक आहेत. सुतार, लोहार, कलईगार, मणियार असे हातावर पोट असणारेही आहेत. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

अमरावतीहून कुऱ्ह्याच्या रस्त्याने वर्धा नदीकडे निघाले की तिवसा तालुक्यात कौंडण्यपूर लागते. पलीकडच्या काठापासून वर्धा जिल्हा सुरू होतो. विदर्भाच्या राजाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून या गावाचे नाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. कार्तिकात इथे यात्रा भरते आणि पंढरपूरला इथून रुक्मिणीची पालखी जाते. यात्रेत बांगड्यांची, खेळण्यांची, मिठाईची, लोखंडी सामानाची दुकाने लागतात. जत्रेचा बाजार कोण्या एका जमातीचा नसतो. जिथे गिऱ्हाईक तिथे दुकान, एवढाच त्याचा कायदा.

आम्ही गेलो ते मात्र यात्रेचे दिवस नव्हते. नदीच्या काठावर जुन्या वस्तीच्या टेकाडाजवळ आम्ही बराच वेळ उभे होतो. शेजारून माणूस गेला तर त्याला हा मातीचा ढीगच वाटावा. पण १९६०च्या दशकात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी इथे उत्खनन केले, आणि त्याचा अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६८ साली पुस्तकरूपाने छापला. पुराणातल्या गावाखाली खरोखरच दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती होती, हे त्या खोदकामाने दाखवले. मातीची भांडी निघाली, मणी निघाले, रोजच्या वापरातल्या वस्तू निघाल्या. दीक्षितांचा स्वतःचा अभ्यास प्राचीन मणी आणि काच यांचा होता. भारतीय काचेच्या इतिहासावर त्यांचे स्वतंत्र पुस्तक आहे. आमच्या मणियार वाचकांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे, कारण त्यांच्या आडनावातच मणी आहे. मणी घडवणारा तो मणिकार, आणि त्याचाच पुढे मणियार झाला. ज्या टेकाडातून मणी निघाले त्याच गावच्या जत्रेत आजही बांगडीवाला बसतो. या दोन माणसांमध्ये दोन हजार वर्षांचे अंतर आहे, पण धंदा एकच आहे.

जमिनीच्या पोटात जे होते ते सरकारने खणून काढले, मोजले, नोंदवले. आमचा प्रश्न जमिनीवर जे आहे त्याचा आहे. शंभर, सव्वाशे, दीडशे वर्षांची घरे वऱ्हाडात गावोगाव उभी आहेत, किंवा परवापर्यंत उभी होती. ती टेकाडाइतकी जुनी नाहीत म्हणून सरकारच्या यादीत नाहीत, आणि सिमेंटच्या घराइतकी सोयीची नाहीत म्हणून मालकाच्याही मनात नाहीत.

ही घरे आली कुठून, हे व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. पुढे रेल्वे आली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा या बाजारांत पैसा खेळू लागला. त्या पैशाला सागवान लागले, मेळघाटचे जंगल जवळच होते, आणि सुतारांना काम मिळाले. देशमुखाचा वाडा, सावकाराची माडी, मुसलमान व्यापाऱ्याची हवेली यांची वीट आणि लाकूड एकाच बाजारातून आले. घर कोणाचेही असो, कारागीर पुष्कळदा तेच होते.

आता आमच्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगतो. कौंडण्यपुराहून परतताना वाटेतल्या एका गावी आम्ही थांबलो. गावाचे नाव आम्ही देत नाही. तिथला एक जुना वाडा तीन दिवसांपूर्वी उतरवला होता. कवेलूंचा ढीग एका बाजूला, पांढरी माती दुसऱ्या बाजूला. वाड्याचे लाकूड घेणारा व्यापारी आमच्या ओळखीचा आहे, आणि आम्ही थांबलो ते त्यानेच बोलावले म्हणून. टेम्पोत दाराची चौकट आडवी ठेवली होती. बिजागरी नाही, लाकडाच्याच खुंटीवर फिरणाऱ्या दोन फळ्या. त्यांच्यावर ओळीने पितळी फुल्या, आणि वरच्या पट्टीवर वेल अशी कोरलेली की पान कुठे संपते आणि देठ कुठे सुरू होतो ते बोट फिरवल्याशिवाय कळू नये. हे दार त्याने कोणत्या भावाने घेतले असे आम्ही विचारले. तो हसला. "सागाच्या भावानं. घनफुटावर," तो म्हणाला. कोरीवकामाचे किती दिले? "ते फुकट आलं साहेब."

आम्ही त्याला दोष देत नाही. भाव मालकाने ठरवला होता, आणि मालकाला वाडा एका महिन्यात रिकामा हवा होता. पण ज्या सुताराने ती वेल कोरली त्याची मजुरी दीडशे वर्षांनी शून्य धरली गेली. आणि शहरात ते दार पुढच्या हाती जाईल तेव्हा लाकडाची किंमत शून्य धरून फक्त त्या वेलीचेच पैसे घेतले जातील. या दोन भावांमधला फरक कोणाच्या खिशात जातो, हा निव्वळ धंद्याचा प्रश्न आहे. त्याच्या पुढचा प्रश्न असा, की हे दार गावातच राहिले असते तर? घरच राहिले असते तर?

वऱ्हाडात असे एखादे राहते घर जपून त्यात गावच्या चालीरीतीच्या वस्तू मांडल्याचे उदाहरण द्यायचे म्हणून आम्ही पुष्कळ विचार केला. जवळच्या वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. ते १९३८ साली ग्रामोद्योगांसाठी सुरू झाले. कारागिरांनी ते पाहावेच, पण ते कोणाचे घर नव्हे. नागपूरचा अजब बंगला १८६३चा, तोही सरकारी. घराचे संग्रहालय झाल्याचा सर्वांत चांगला दाखला पुण्यात आहे, आणि तो उभा करणारा माणूस ना राजा होता ना जमीनदार. तो दुकानदार होता.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६चा. त्यांचे चष्म्याचे दुकान होते. मराठी वाचकांना ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी म्हणूनही ठाऊक होते, पण पोट चालले ते चष्म्यांवर. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू गोळा करण्याचा नाद लागला. नाद हाच शब्द आम्ही वापरतो, कारण यात कमाई नव्हती. दुकानात आलेला पैसा जुन्या बाजारात जायचा. तांब्या-पितळेची भांडी त्या काळी, आणि पुढे लढाईच्या दिवसांत तर फारच, वितळवण्यासाठी विकली जात. केळकर ती मोडीतून उचलत. गावोगाव फिरत, घरोघर जात, आणि समई, अडकित्ता, कुलूप, पानाचा डबा, दौत, वज्री असे जे जे लोक टाकून देत होते ते विकत घेत.

सोने-चांदी, तलवारी, राजांची चित्रे तर सगळेच जमवतात. केळकरांनी जमवले ते स्वयंपाकघर, माजघर आणि देवघर. अंघोळीच्या वेळी पाय घासायची पितळी वज्री संग्रहालयात ठेवायची असे तेव्हा कोणाला सुचले असते? पण ती वज्री घडवणाऱ्याने तिच्या पाठीवर मोर काढला होता. केळकरांनी ती हातात घेतली तेव्हा त्यांना पाय दिसला नाही, मोर दिसला. अडकित्त्यांचेच पाहा. सुपारी कातरायला दोन पाती पुरेत. तरी आमच्या कारागिरांनी अडकित्त्याला घोडा केले, पोपट केले, माणूस केले. एकासारखा दुसरा नाही. हा सारा खटाटोप गिऱ्हाइकाने मागितला म्हणून झाला, की कारागिराला स्वस्थ बसवेना म्हणून झाला, हे आता कोण सांगणार? वस्तूवर नाव नाही. आमच्या देशात करणाऱ्याने नाव घालायची रीतच नव्हती.

केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. ज्या घरात ही वस्तूंची दाटी होती तिथेच हे दुःख घडले. पुढे केळकरांनी संग्रहालयाला त्या मुलाचे नाव दिले. राजा दिनकर केळकर संग्रहालय हे नाव वाचून पुष्कळांना वाटते की हे कोण्या राजाचे असावे. ते बापाने मुलाच्या नावाने ठेवलेले घर आहे. पत्नी कमलाबाई या साऱ्या उद्योगात त्यांच्या बरोबरीने होत्या. ज्याच्या घरात पाहुण्याला बसायला जागा नाही आणि अडगळीला आहे, अशा माणसाबरोबर संसार करणे सोपे नव्हते, एवढे आम्ही आमच्याकडून जोडतो.

१९६०च्या सुमारास हा संग्रह पंधरा हजार वस्तूंच्या घरात गेला होता. १९६२ साली संग्रहालय रीतसर स्थापन झाले, आणि १९७५ साली केळकरांनी सगळे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. सरकारने १९८० साली त्यांना पद्मश्री दिली. १९९० साली ते वारले. आज संग्रह वीस हजारांच्या वर आहे, आणि जागेअभावी त्यातल्या सुमारे अडीच हजारच वस्तू मांडलेल्या आहेत. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावर, शुक्रवार पेठेत नातूबागेजवळ हे घर आहे. माल घ्यायला पुण्याला जाणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यांनी एक दुपार काढून ते पाहावे. सुताराने बरोबर फूटपट्टी आणि कागद न्यावा. तिथली दारे पाहावीत, त्यांचे सांधे पाहावेत.

तिथेच मस्तानी महाल आहे. बाजीराव पेशव्याने मस्तानीसाठी १७३४ साली कोथरूडला वेगळी वास्तू बांधली होती. ती काळाच्या ओघात मोडकळीस आली. तिचे जे नक्षीचे लाकूड आणि भाग शिल्लक होते ते केळकरांनी आणून आपल्या घरात पुन्हा उभे केले. मस्तानीचा मुलगा शमशेर बहादूर १७६१ साली पानिपतच्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनी गेला. त्याचा वंश पुढे बांद्याचे नवाब म्हणून ओळखला गेला. घराण्याच्या भांडणात जिला घरात जागा मिळाली नव्हती, तिच्या घराचे लाकूड एका चष्मेवाल्याने आपल्या घरात ठेवून घेतले. याहून अधिक आम्ही काय बोलावे?

आता हिशेबाकडे येऊ, कारण आमच्या वाचकांना पहिला प्रश्न तोच पडणार. घर ठेवायचे म्हणजे खर्च काय? कवेलू दर पावसाळ्यापूर्वी फिरवावी लागतात. सागाला वाळवी सहसा लागत नाही, पण जोडीला जे आडजात लाकूड घातलेले असते ते आधी पोखरते आणि छत तिथून खचते. मातीच्या भिंतीला गच्चीचे पाणी लागले की तीन पावसाळ्यांत भिंत सुटते. राखणदाराचा पगार, विजेचे बिल, नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची घरपट्टी. एवढे सगळे तिकिटावर निघेल असे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. केळकरांसारख्या माणसालाही शेवटी सरकारचा आधार घ्यावा लागला.

तरी वेगळ्या वाटाही आहेत. गोव्यात चांदोर गावी ब्रागांझा घराण्याचे सतराव्या शतकापासूनचे थोरले घर आहे. पोर्तुगिजांविरुद्ध लेखणी चालवणारे लुईस द मिनेझिस ब्रागांझा याच घराण्यातले. घराच्या दोन बाजू, दोन शाखांच्या. कुटुंब घरातच राहते आणि आलेल्या माणसाला दिवाणखाना, फर्निचर, चिनी मातीची भांडी दाखवते. जाताना पाहुणा जे देईल ते घराच्या डागडुजीला जाते. इथे घर विकलेही नाही आणि सरकारला दिलेही नाही. मुंबईत गावदेवीचे मणिभवन हे रेवाशंकर जगजीवन झवेरी या व्यापाऱ्याचे घर. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तिथे उतरत. पुढे १९५५ साली गांधी स्मारक निधीने ते घेतले. पुण्याच्या गंज पेठेतले महात्मा फुल्यांचे घर सरकारने संरक्षित स्मारक केले. प्रत्येक ठिकाणी पैसा कोणाचा, हे आधी ठरलेले आहे.

मुसलमान घराण्यांच्या बाबतीत अडचण खर्चाच्या आधीच उभी राहते. ती वाटणीची. एक साधे उदाहरण घ्या. माणूस वारला, मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. बायकोला आठवा हिस्सा. राहिलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे वाड्याचे अठ्ठेचाळीस भाग केले तर आईचे सहा, प्रत्येक मुलाचे चौदा, प्रत्येक मुलीचे सात. ही झाली एक पिढी. पुढच्या पिढीत नातवंडांचे हिस्से पाडायला बसले की वाड्याच्या एका खांबाला तीन मालक निघतात. कोणी नागपूरला, कोणी मुंबईला, कोणी आखातात. डागडुजीचा खर्च कोणी करायचा यावर कोणी बोलत नाही, आणि विकायचे म्हटले की सगळे बोलू लागतात. हक्क ज्याचा त्याला मिळालाच पाहिजे, त्याविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. बहिणींचे सात-सात भाग गिळून "वाडा जपला" म्हणणारे भाऊही आम्ही पाहिले आहेत, आणि ते जपणे आम्हाला मान्य नाही.

वाटा कोणत्या? पहिली, हयातीतच हिबा करणे, म्हणजे दान देऊन ताबाही देणे. ताबा दिला नाही तर हिबा पुरा होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुसरी, वसीयत. वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता वसीयतीने बाहेर देता येत नाही. म्हणून जिथे घर हीच एकमेव मालमत्ता आहे तिथे नुसत्या वसीयतीवर भागत नाही. तिसरी, वक्फ. कुटुंबासाठी केलेल्या वक्फला १९१३च्या कायद्याने मान्यता मिळाली. मात्र १९९५च्या वक्फ कायद्यात २०२५ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांत कुटुंबाच्या वक्फामुळे वारसांचा, विशेषतः स्त्रियांचा हिस्सा बुडता कामा नये असे स्पष्ट घातले आहे. चौथी, १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी. घर संग्रहालय म्हणून सर्वांसाठी खुले करायचे असेल तर आमच्या मते हीच वाट सरळ. कोणतीही वाट धरा, पण सगळे वारस एका सतरंजीवर बसून कागदावर सह्या करतील तेव्हाच. वकिलाची फी दारापेक्षा स्वस्त पडते.

आता जुन्या मालाचा धंदा करणाऱ्यांशी थोडे रोखठोक. १९७२चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा ५ एप्रिल १९७६पासून लागू आहे. शंभर वर्षे किंवा अधिक जुनी कलाकुसरीची वस्तू ही त्यात पुरावशेष धरली जाते. हस्तलिखित वगैरेंना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. आणि व्याख्येत इमारतीतून किंवा लेण्यातून सुटी केलेली वस्तूही येते. कोरीव चौकट, खांब, तुळई हे नुसते लाकूड आहे असे म्हणून सुटका होत नाही, ते याचमुळे. अशा वस्तूंचा व्यापार परवाना घेऊनच करायचा असतो. देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. चोरून पाठवली तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांची सरकारदरबारी नोंदणीही करावी लागते. आपल्याकडचा माल त्यात मोडतो की नाही हे नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारावे, चहाच्या टपरीवर विचारू नये. शहरातला दलाल "काही होत नाही" म्हणतो, आणि काही झाले की पावतीवर नाव तुमचे असते.

कौंडण्यपुरासारख्या गावच्या शेतकऱ्यांनी आणि तिथून मोड घेणाऱ्या सराफांनी १८७८चा गुप्तनिधीचा कायदाही माहीत करून घ्यावा. जमिनीत दडलेले दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही सापडले की जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. दहा रुपयांत आज अर्धा कप चहा येतो, पण कायद्यातला आकडा दहाच आहे. नांगराला लागलेले नाणे वितळवून टाकले तर चांदी मिळते तोळ्याच्या भावाने. त्यावरचा राजा गेला तो गेलाच.

एवढा कायदा वाचून कोणी घाबरून धंदा सोडावा असा आमचा हेतू नाही. उलट, नीट धंदा करणाऱ्यालाच इथे वाव आहे असे आम्हाला दिसते. शहरातली हॉटेले, बंगले बांधणारे लोक जुन्या धर्तीची नवी दारे मागू लागले आहेत. ती करायला नमुना लागतो. जुने दार परगावी गेले की नमुनाही गेला. तेच दार गावात एखाद्या खोलीत उभे असेल तर त्यावरून गावचा सुतार दहा नवी दारे करील, आणि ती विकायला कोणत्याही परवान्याची गरज पडणार नाही. बिदरच्या कारागिरांनी जस्ताच्या भांड्यावर चांदीचे तार बसवण्याची विद्या अशीच जुने नमुने समोर ठेवून टिकवली आणि २००६ साली तिच्यासाठी भौगोलिक चिन्हांकनही मिळवले. वऱ्हाडातल्या सुतारकामाला असे कोणी विचारले आहे का? विचारायला गेलो तर दाखवायला काय आहे?

संग्रहालय म्हणजे काचेची कपाटे आणि मंत्र्याच्या हस्ते फीत, असे समजायचे कारण नाही. आमच्या मते सुरुवात एका शंभर पानी वहीने होते. वाडा उतरवायच्या आधी त्याचे चारही बाजूंनी फोटो. दारे, खांब, कोनाडे किती, कोणत्या खोलीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कोणती वस्तू कशासाठी वापरीत ते तिच्याच शब्दांत. वापरायच्या शब्दालाही किंमत आहे, कारण वस्तू राहते आणि नाव विसरले जाते. तांब्याच्या भांड्यावर जुनी कलई असेल तर ती खरवडू नये. कोरलेल्या सागावर तैलरंग फासू नये. आम्ही असे एक दार हिरव्या रंगाने बुजलेले पाहिले आहे, वेलीच्या जागी नुसते उंचवटे उरले होते. आणि सबंध वाडा ठेवणे जमत नसेल तर निदान बैठकीची एक खोली ठेवावी. बाकीच्या जागेवर दुकाने काढा, भाडे येईल, त्या भाड्यातून त्या खोलीची कवेलू फिरतील. हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला जमण्यासारखा आहे.

हे सगळे आम्ही त्या टेम्पोजवळ उभे राहून आमच्या ओळखीच्या व्यापाऱ्यालाही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "साहेब, वाडा तं गेला. आता मी काय करू ते सांगा."

आम्ही म्हटले, दार कोणत्या गावचे, कोणत्या वाड्याचे, कोणत्या तारखेला उतरवले, एवढे दाराच्या पाठीवर लिहून ठेवा आणि परवान्याची चौकशी होईपर्यंत ते गोदामाबाहेर काढू नका.

"गाव लिहून काय होते? गिराईक गाव नाही पायत, नक्षी पायते."

तरी त्याने पोराला हाक मारली. पोराने टेम्पोच्या पुढच्या खणातून खडू आणला. फळी उलटी करताना दोघांना जोर लावावा लागला, लाकूड फार जड होते. पाठीमागे दीडशे वर्षांची चुलीची काजळी होती, खडू उठेना. मग त्याने खिशातला खिळा काढला आणि चौकटीच्या आतल्या अंगाला, जिथे कोणाला दिसणार नाही अशा जागी, गावाचे नाव आणि साल कोरले. ते झाल्यावर त्याने आम्हाला विचारले, "आन् सुताराचं नाव?"

वाड्याच्या मालकाला फोन लावला. त्याला ते माहीत नव्हते. त्याच्या आईला विचारतो म्हणाला. म्हातारी अमरावतीला लेकीकडे आहे, तिला सांजच्याला फोन करतो. व्यापाऱ्याने नावापुरती जागा मोकळी सोडली आणि दार पुन्हा टेम्पोत ठेवले.